सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवायचं म्हणते, घरचे हसायलेत

खानापूरकरीण:
एम.टेक. संपत आलं. गेट परीक्षेमुळं महिना १२,४०० रुपये मिळायचे, तेही आता बंद होतील. मला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकवायचंय. पप्पा बेंगळूरला जा म्हणायलेत. मैत्रिणी म्हणतात, आदल्या रात्री पाठ करायचा विषय तो, त्यात शिकवण्यासारखं काय आहे?

वडगावचा मास्तर:
मीही पहिल्या वर्षी पाठच करून घेतलं की. फळ्यावर वॉटरफॉलचे, म्हणजे सॉफ्टवेअर एकेक टप्पा उतरत बनवायच्या पद्धतीचे, डबे काढले, पोरांनी उतरवले, झालं. एकाचे वडील उद्यमबागेत फाउंड्रीत. त्यानं विचारलं, "सर, आमच्यात साच्याचा पॅटर्न चुकला तर कास्टिंग भंगारात जातं. इथं काय जातं?" गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी आरियान ५ घेऊन गेलो. १९९६ चं रॉकेट, ४० सेकंदांच्या आत खलास. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला, मावला नाही. तोच कोड आरियान ४ वर बिनतक्रार चालला होता. पोरगं म्हणालं, "म्हणजे पॅटर्न चांगला होता सर, मशीन बदललं." माझ्यापेक्षा बरं सांगितलं त्यानं.

आणि ते डबे! रॉयस नावाच्या इंजिनिअरनं १९७० च्या निबंधात ते काढले आणि लगेच लिहिलं की असंच करत गेलं तर धोका आहे. आमच्या नोट्समध्ये चित्र आलं, ते वाक्य गळालं.

तू आधी दोन वर्षं कंपनीत दुसऱ्याचा जुना कोड दुरुस्त कर. मग ये.

निपाणीचा पाव्हणा:
सर, कंपनीत गेलेलं माणूस परत येत नाही हो. पगाराची सवय लागते. असोसिएट प्रोफेसर व्हायला पीएचडी लागतेच, ती आत्ताच धरू दे.

वडगावचा मास्तर:
खरं आहे. मी परत आलो ते आईच्या गुडघ्यांमुळं, विषयाच्या प्रेमानं नव्हे. पीएचडी झाली तेव्हा पोरगी दहावीला होती.

खानापूरकरीण:
सर, कंपनीत न जाता जुना कोड कुठं मिळेल?

वडगावचा मास्तर:
आमच्याच कॉलेजात. ॲडमिशनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि इनिशियल एवढेच दोन रकाने. आपली पोरं बापाचं नाव, आडनाव सगळं घेऊन येतात. दरवर्षी निम्म्यांचं आडनाव कापलं जातं आणि क्लार्क पेनानं दुरुस्त करत बसतो. बनवणाऱ्यानं काउंटरवर तासभर उभं राहून बघितलं नाही, एवढंच. सोमवारी ये. आधी क्लार्कशी बोल, कोड नंतर उघडू.