वारजे ते बाणेर सायकलने ऑफिस : रस्त्यावरच्या सुरक्षेबद्दल सल्ला हवा

निळीसायकल :
नमस्कार. पुण्यात वारज्याहून बाणेरला सायकलने ऑफिसला जायचं ठरवतेय. चांदणी चौक, बावधन, पाषाण आणि मग बाणेर-पाषाण लिंक रोड असा रस्ता डोक्यात आहे. सायकल गिअरची साधी हायब्रिड, म्हणजे रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधली. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवते, भर ट्रॅफिकमध्ये कधीच नाही. परतताना अंधार झालेला असतो. घरच्यांचा विरोध आहे आणि त्यांची काळजी खोटी नाही. हेल्मेट, लाइट कोणते घ्यावेत? डंपर, पीएमपीच्या बस, रिक्षा यांच्यात सायकल चालवायची कशी? रोज जाणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घाटवाट :
ताई, खरेदी नंतर. आधी रस्त्यावरची तुमची जागा ठरवा. नवीन माणूस भीतीपोटी अगदी डाव्या कडेला चिकटतो. नेमकी तिथेच खडी, काचा, गटाराच्या जाळ्या आणि डांबराची तुटलेली कड असते. खड्डा चुकवायला तुम्ही झटकन उजवीकडे येता आणि मागच्याला ब्रेक मारायला वेळच उरत नाही. कडेपासून दीड-दोन हात आत, सरळ रेषेत चालवा. उभ्या गाड्यांच्या बाजूने जाताना तर मीटरभर अंतर हवंच, कुणी दार उघडेल याचा नेम नाही. दोन उभ्या गाड्यांमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका, कारण परत बाहेर येताना मागच्याच्या दृष्टीने तुम्ही अचानक उगवता. हॉर्न वाजतील, वाजू देत. ज्याने हॉर्न दिला त्याने तुम्हाला पाहिलेलं असतं.

दुसरं, मान वळवून मागे बघायची सवय. सुरुवातीला मानेबरोबर हँडलही वळतं. मोकळ्या मैदानात आखलेल्या रेषेवरून सायकल चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघायचा सराव करा. रेष सुटेनाशी झाली की मगच गर्दीच्या वेळी बाहेर पडा. उजव्या हँडलला छोटा आरसा लावलात तर उत्तम, पण वळण्याआधी मान वळवायचीच.

पहाटफेरी :
घाटवाट यांच्याशी सहमत. मोठ्या गाड्यांबद्दल माझा एकच नियम आहे: डंपर, काँक्रीट मिक्सर, बस यांच्या डावीकडून कधीही पुढे जायचं नाही, सिग्नलला उभ्या असल्या तरी नाही. ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसलेला, डाव्या बाजूला पुढच्या चाकाजवळ काय आहे ते त्याला दिसतच नाही. त्यात गाडी डावीकडे वळली की मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून येतात. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही, असं समजून मागेच थांबा. सिग्नलला दोन मिनिटं गेली तर जाऊ द्या.

रिक्षामागे असताना रिक्षाकडे बघू नका, फुटपाथवरच्या माणसांकडे बघा. कुणी हात केला की रिक्षा तुमच्या पुढ्यात डावीकडे येऊन थांबणार.

दिवाबत्ती :
लाइटबद्दल लिहितो. मागचा लाल लाइट दिवसाही चालू ठेवा. पुढे, रस्त्यावर दिवे असतील तर 200 लुमेन (हे उजेडाचं माप, लाइटच्या खोक्यावर लिहिलेलं असतं) पुरे होतात, दिवे नसलेल्या पट्ट्यात 400 च्या आसपास हवेत. लाइटचा झोत रस्त्यावर पडू दे, समोरच्याच्या डोळ्यांत नको. पेडलना आणि घोट्यांना रिफ्लेक्टर पट्टी लावा. वर-खाली हलणारी चमक पाहून मागच्याला सायकल आहे हे लांबूनच कळतं.

हेल्मेट महाग असायलाच हवं असं नाही. आत ईएन 1078 (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) या सुरक्षा मानकाचं लेबल आहे का बघा. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एखादंच बोट जाईल इतकी ढील. पुष्कळ जण ते कपाळ उघडं टाकून मागे सरकवून घालतात, तसं घातलेलं हेल्मेट तोंडावर पडलात तर उपयोगाचं नाही. एकदा जोरात आपटलं की बदलायचं, वरून धड दिसलं तरी.

सुसखिंड :
मला मूळ रस्त्याबद्दलच शंका आहे. चांदणी चौकाचं नवीन काम 2023 च्या ऑगस्टमध्ये खुलं झालं तेव्हापासून तिथे गाड्या सुसाट असतात. रॅम्प, म्हणजे चढ-उताराचा जोडरस्ता, फुटतो तिथे डावीकडे उतरणारी गाडी तुमच्या समोरून कापत जाते. सवय होईपर्यंत कर्वे रोड, नळ स्टॉप, लॉ कॉलेज रोड, सेनापती बापट रोडवरून पाषाण रोड धरा. लांब पडतं, गर्दीही आहे, पण गर्दीत गाड्यांचा वेग कमी असतो आणि जीव वेगानेच जातो. चांदणी चौकातूनच जायचं असेल तर हायवेवर चढू नका, सर्व्हिस रोड सोडू नका. रॅम्पच्या तोंडाशी थांबून, मागे बघून मगच सरळ जा.

निळीसायकल :
सगळ्यांचे मनापासून आभार. लॉ कॉलेज रोडनेच सुरुवात करते. अजून दोन गोष्टी: राँग साइडने येणाऱ्या दुचाक्यांचं काय करायचं? आणि पावसाळ्यात?

घाटवाट :
राँग साइडवाला कडेनेच येतो आणि तुम्हाला ट्रॅफिकमध्ये ढकलू बघतो. त्याच्यासाठी उजवीकडे सरकू नका. वेग कमी करा, घंटी वाजवा, वेळ आली तर डावीकडेच पाय टेकून उभ्या राहा. वळसा त्याला घालू दे.

दिवाबत्ती :
पावसाळ्यात पहिल्या सरींनंतर रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा सर्वात जास्त घसरतं. झेब्राचे पांढरे पट्टे, मॅनहोलची झाकणं, कामाच्या ठिकाणच्या लोखंडी प्लेटा यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणंही नको. हँडल सरळ ठेवून पार करा. डबकं साचलंय तिथे खड्डा आहे असंच धरून चाला. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेला, म्हणजे रिमला, रबर दाबणारे) असतील तर ओल्या रिमवर ते उशिरा लागतात, लवकर दाबायला सुरुवात करा. पोंचो (अंगावरून सोडायचा सैल रेनकोट) घेऊ नका, वाऱ्याने फुगतो आणि चाकात जातो, जॅकेटच घ्या. आणि ते घालून सीटवर बसल्यावर कुणाला तरी मागून बघायला सांगा. जॅकेटचा घेर खाली लोंबून सीटखालचा लाल लाइट पूर्ण झाकतो. कॅरिअर असेल तर लाइट त्याच्या मागच्या टोकाला लावा.