इंग्रजीतील ‘लाय’ आणि ‘ले’ या क्रियापदांत नेमका फरक कोणता?

प्रश्न:
नमस्कार. ‘लाय’ म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे, एवढे मला ठाऊक आहे. तरीही लिहिताना हमखास घोळ होतो. काल एका उताऱ्यात ‘ही ले ऑन द फ्लोर ऑल नाइट’ असे वाक्य वाचले. तो रात्रभर जमिनीवर पडून होता, असा अर्थ संदर्भावरून लागतो. मग तेथे ‘ले’ कसे आले? ही छपाईची चूक समजायची का?

उत्तर १:
वाक्य बरोबर आहे. ‘लाय’चा भूतकाळच ‘ले’ होतो आणि सगळा गोंधळ तेथूनच सुरू होतो. पडून असण्याच्या ‘लाय’ची रूपे लाय, ले, लेन अशी चालतात, तर ठेवण्याच्या ‘ले’ची ले, लेड, लेड अशी. वर्तमानकाळ असता, तर ‘ही’ या कर्त्यामुळे ‘लाइज’ किंवा ‘लेज’ असे रूप आले असते. तुमच्या वाक्यात शेवटचा ‘ज’ नाही, यावरूनच भूतकाळ ओळखावा.

उत्तर २:
वरील उत्तरात थोडी भर घालतो. मराठीत झाड पडते आणि वारा झाड पाडतो. ‘लाय’ आणि ‘ले’ यांचे नाते असेच आहे, कारण जुन्या इंग्रजीत ‘ले’ हे ‘लाय’चे प्रयोजक रूप होते. ‘सिट’ व ‘सेट’, तसेच ‘फॉल’ व झाड तोडून पाडण्याचे ‘फेल’ ही जोडपीही त्याच घडणीची. त्यामुळे ‘ले’ लिहिताना ‘काय?’ असे विचारावे आणि वाक्यात त्याचे उत्तर, म्हणजे कर्म, सापडले पाहिजे. मात्र ‘ठेवणे’ या एकाच अर्थावर विसंबू नये. कोंबडी अंडे घालते, पायाही घातला जातो, विटा रचतात, गालिचा अंथरतात. इंग्रजीत या सर्वांना ‘ले’ चालते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. मग ‘द बुक्स आर लेइंग ऑन द टेबल’ हे चूकच ना?

उत्तर ३:
प्रमाण लेखनात चूकच. तेथे ‘लाइंग’ हवे. बोलताना मात्र इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही ‘लेइंग’ सर्रास म्हणतात, त्यामुळे कानावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय खोटे बोलण्याचे ‘लाय’ वेगळेच आहे. त्याची रूपे लाय, लाइड, लाइड अशी होतात, पण ‘लाइंग’ दोन्हींना सारखेच. म्हणून ‘ही इज लाइंग’ एवढ्यावरून तो आडवा झाला आहे की थापा मारतो आहे, हे कळत नाही. ‘लेन’ क्वचितच भेटते, पण ‘द लेटर हॅज लेन देअर फॉर अ वीक’ हे वाक्य कानाला कितीही खटकले, तरी शुद्ध आहे.