बारा महिने चोंदलेले नाक: थेंब सोडायचे की हाडाचे ऑपरेशन करून घ्यायचे?

दौलतगंजकर (प्रश्न)

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय पंचेचाळीसच्या आसपास आहे आणि गेली काही वर्षे त्यांचे नाक मोकळे असे कधी नसतेच. सकाळी उठल्याबरोबर शिंकांचा सपाटा सुरू होतो, नाक पाण्यासारखे वाहते, दुपारी जरा बरे वाटते आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की एक नाकपुडी ठार बंद होते. कूस बदलली की दुसरी बंद होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या दगडी घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचे गाद्या-रजयांचे दुकान आहे आणि दिवाळीपासून पुढे तिथे कापसाचा धुरळा सारखा उडत असतो. नाक मोकळे करण्याच्या थेंबांची एक बाटली उशीखाली आणि दुसरी गल्ल्यात, अशी त्यांची सवय झाली आहे. पूर्वी एका थेंबाने रात्र निघायची, आता दोन-तीन तासांत पुन्हा बाटली हातात घ्यावी लागते.

एका डॉक्टरांनी ‘हाड वाकडे आहे, ऑपरेशन करून टाका’ असे सांगितले. दुसऱ्यांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला, पण तीन-चार दिवसांत फरक पडला नाही आणि स्टिरॉइडची भीतीही वाटली, म्हणून यजमानांनी तो बंद केला. शिवाय औषधांच्या दुकानातून आणलेली मॉन्टेलुकास्ट आणि लेव्होसेटिरिझीन यांची एकत्र गोळी ते रोज घेतात. कपाळही वरचेवर दुखते. ऑपरेशनला हो म्हणावे की नाही, हे कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त कान-नाक-घसा तज्ज्ञ

ताई, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे हे उत्तर पुढच्या तपासणीला जाताना काय विचारायचे ते कळावे यासाठी आहे, असे समजा. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाकडे हाड ही नसून उशीखालची ती बाटली आहे.

या थेंबांत झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीन असते. ते नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे सूज काही मिनिटांत ओसरते आणि रुग्णाला जीवात जीव आल्यासारखे वाटते. परंतु पाच-सात दिवसांहून अधिक काळ ते वापरले तर औषधाचा अंमल उतरताच त्या रक्तवाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त फुगतात, नाक पुन्हा बंद होते, माणूस पुन्हा थेंब टाकतो आणि काही महिन्यांनी मूळ आजार कोणता आणि थेंबांनी केलेला कोणता, हे सांगणेही अवघड होऊन बसते. दोन-तीन तासांत पुन्हा थेंब लागणे हे त्याचेच लक्षण आहे. ही अवस्था असताना केवळ चोंदण्याच्या तक्रारीवरून ऑपरेशन ठरवणे मला घाईचे वाटते.

स्टिरॉइडचा स्प्रे मात्र अगदी वेगळी वस्तू आहे आणि दोन्ही नाकातच घ्यायची असल्याने लोक त्यांची गल्लत करतात. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकातून घेतलेला डोस रक्तात दोन टक्क्यांहूनही कमी पोहोचतो. त्याची सवय लागत नाही, पण तो थेंबांसारखा चटकन नाक उघडतही नाही. पूर्ण गुण यायला दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो, त्यामुळे तीन-चार दिवसांत सोडलेला स्प्रे हा घेतलाच नाही असे धरावे. घेण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. मान किंचित खाली झुकवायची, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत स्प्रे धरायचा, त्याचे टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने ठेवायचे आणि फवारल्यावर जोरात ओढायचे नाही. पडद्यावर फवारा बसत राहिला तर घोळणा फुटतो आणि औषध जिथे हवे तिथे पोहोचत नाही.

थेंब सोडवण्यासाठी मी रुग्णांना स्प्रे नियमित सुरू करायला लावत असे आणि थेंब आधी एकाच नाकपुडीत बंद करायला सांगत असे. ती नाकपुडी काही दिवसांनी आपोआप उघडायला लागली की दुसरीचे थेंब बंद करायचे. पहिल्या काही रात्री कठीण जातात, तेव्हा उशी उंच घ्यावी आणि मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी थोडी बंद, अशी पाळी काही तासांनी बदलणे हा निरोगी नाकाचाही धर्म आहे. आतली सूज जास्त असली की ही अदलाबदल जाणवू लागते आणि कुशीवर झोपल्यावर खालची बाजू बंद होते.

हाडाविषयी एवढेच सांगतो की मधला पडदा थोडाफार वाकडा असणे ही अतिशय सामान्य गोष्ट आहे आणि पुष्कळांना त्याचा कोणताही त्रास होत नाही. शिंका, खाज आणि पाण्यासारखे वाहणे ही ॲलर्जीची लक्षणे असून पडदा सरळ केल्याने ती जात नाहीत. नियमित उपचारानंतरही एकच बाजू कायम बंद राहिली, तर ऑपरेशनचा विचार जरूर करावा.

गोळीबद्दल एक इशारा देतो. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना झोपेचे, नैराश्याचे आणि वागणुकीतल्या बदलाचे त्रास होत असल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक स्वरूपाची सूचना छापायला लावली आणि केवळ ॲलर्जीच्या सर्दीसाठी ते इतर औषधांनी गुण न आल्यासच द्यावे, असे सांगितले. ती गोळी दुकानातून परस्पर आणून वर्षानुवर्षे घेण्यासारखी नव्हे. त्यांना दमा असेल आणि त्यासाठी ती कोणी दिली असेल, तर मात्र विचारल्याशिवाय बंद करू नका.

थाटीपूरवासी

डॉक्टरसाहेबांच्या उत्तराला माझ्या अनुभवाची जोड देतो, कारण सगळीच चोंदलेली नाके ॲलर्जीची नसतात. वहिनी, यजमानांना वास येतो का, हे अवश्य पाहा. मला फोडणीचा हिंग जळला तरी कळत नसे आणि घरात गॅस गळत असताना मी तिथेच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, तेव्हा घरच्यांनी मला तपासायला नेले. दुर्बिणीतून दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या घोसासारखे पॉलिप दिसले. आपल्याकडे याला नाकात मांस वाढणे म्हणतात. पॉलिप दुखत नाहीत, म्हणून फार उशिरा लक्षात येतात.

मला दमाही होता आणि अंगदुखीची साधी गोळी घेतल्यावर एकदा श्वास कोंडला होता. पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिनच्या गटातल्या वेदनाशामकांचे वावडे हे त्रिकूट एकत्र येऊ शकते, हे मला तेव्हा समजले. ज्यांना पॉलिप आणि दमा दोन्ही आहेत, त्यांनी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

माझे दुर्बिणीचे ऑपरेशन झाले, पण त्यानंतर स्प्रे आणि नाक धुणे सुटलेले नाही. सायनसची नैसर्गिक तोंडे मोकळी करून औषधाला आत जायला वाट देणे हा त्या ऑपरेशनचा हेतू असतो. मांस पुन्हा वाढण्याची प्रवृत्ती त्याने संपत नाही आणि हे मला आधीच स्पष्ट सांगणारे डॉक्टर भेटले, हे माझे भाग्य. वारंवार पॉलिप होणाऱ्यांसाठी ड्युपिलुमॅब नावाचे इंजेक्शन अमेरिकेत २०१९ पासून मान्य आहे, परंतु ते फार महाग आहे.

मुरारची मावशी

माझ्या आत्याबाईंचा त्रास याच्या अगदी उलट होता. त्यांचे नाक आतून वाजवीपेक्षा रुंद झाले होते आणि तरीही ते बंद आहे अशीच त्यांची तक्रार असे. आत हिरवट खपल्या धरत आणि दुर्गंधी येई. ती दुर्गंधी सगळ्यांना जाणवे, पण त्यांना स्वतःला अजिबात कळत नसे. त्यांच्याजवळून बायका उठून जातात, एवढेच त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी हळदीकुंकवाला जाणे सोडले. ते आठवले की आजही जीव तुटतो, कारण आजाराला नाव (ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिस) आणि उपचार दोन्ही होते.

नाकाच्या आतले अस्तर आणि हवा ओली-उबदार करणारी हाडे झिजल्याने हे होते आणि हवेचा स्पर्श ओळखणाऱ्या नसाही निकामी झाल्याने श्वास जातो आहे हे कळत नाही. त्यांना क्षारयुक्त कोमट पाण्याने रोज नाक धुवायला आणि नंतर ग्लिसरीनमध्ये कालवलेल्या ग्लुकोजचे थेंब टाकायला सांगितले होते. ग्वाल्हेरच्या मे महिन्यातल्या लूमध्ये त्या नाकावर ओला पदरही धरत. अशा रुग्णाने नाक मोकळे करणारे थेंब वापरणे सर्वथा चूक ठरेल. म्हणूनच आधी आत पाहून घ्या, असे मीही म्हणेन.

दौलतगंजकर

सर्वांचे मनापासून आभार. यजमानांना वास येतो आणि दमा नाही. नाक धुण्यासाठी तिघरा धरणाचे नळाला येणारे पाणी चालेल का, की आर.ओ.चे घ्यावे? आणि कपाळ दुखते ते सायनसमुळेच असेल ना?

निवृत्त कान-नाक-घसा तज्ज्ञ

ताई, दोन्ही पाणी तसेच वापरू नका. निदान एक मिनिट खळखळ उकळून, झाकून कोमट केलेले पाणीच घ्या. पाण्यात क्वचित आढळणारा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूत शिरला तर रुग्ण सहसा वाचत नाही. पावलीटर उकळलेल्या पाण्यात सपाट अर्ध्या चमच्यापेक्षा थोडे कमी मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. पात्र रोज धुऊन पूर्ण वाळवा.

नाकातून घट्ट पिवळा स्राव येत नसेल, वास शाबूत असेल, पण कपाळ ठणकत असेल आणि उजेड किंवा आवाज नकोसा होत असेल, तर ती बहुधा अर्धशिशी असते. ‘सायनस’ समजून प्रतिजैविकांचे कोर्स करणारे असे पुष्कळ रुग्ण मी पाहिले आहेत. सायनसचा जुनाट दाह म्हणण्यासाठी लक्षणे बारा आठवड्यांहून अधिक काळ असावी लागतात आणि दुर्बिणीत किंवा सीटी स्कॅनमध्ये त्याचा पुरावा दिसावा लागतो. एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास येऊ लागला, डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसण्यात फरक पडला, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मधुमेह असेल तर अधिक तातडीने. एका बाजूच्या घाणेरड्या स्रावामागे पुष्कळदा वरची किडलेली दाढ असते, तेव्हा दातही दाखवा.

दुकानात गाद्या उघडताना यजमानांनी तोंड-नाक झाकणारा चांगला मास्क लावावा, कारण कापसाचा धुरळा ॲलर्जी नसलेल्या नाकालाही चिडवतो. घरातल्या गाद्यांत धुळीतले सूक्ष्म कीटक असतात. ते हवेतल्या दमटपणावर जगतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर त्रास वाढतो. उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला साठ अंश सेल्सिअसच्या आसपास गरम पाण्यात धुवा. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी करणार असाल, तर त्यांच्या गोळीतले लेव्होसेटिरिझीन सुमारे आठवडाभर आधी थांबवावे लागते, नाहीतर चाचणी खोटीच ‘काही नाही’ असे दाखवते. तेव्हा तारीख ठरवतानाच चाचणी करणाऱ्यांना गोळीचे नाव सांगा.