संक्रांतीच्या वाणाला सुती फडकी विणून राहिली, पण पहिलं पुठ्ठा झालं अन दुसरं सुरळीची वडी

बोंडवाली:
नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. पोरं लहान होती तेव्हा स्वेटर, टोपरे लय विणले, मग दहा-बारा वर्षं सुया ट्रंकेतच पडून होत्या. यंदा मनात आलं की हळदीकुंकवाला तेच ते प्लास्टिकचे डबे अन चाळण्या वाटण्यापेक्षा हातानं विणलेली सुती फडकी द्यावी, ओटा पुसायला, ताटं पुसायला, अन प्रत्येकीला वेगळी वीण. २५ बाया येतात.

एका अमेरिकेतल्या बाईचा व्हिडिओ पाहून सुरू केलं. ती म्हणते ८ नंबरची सुई, ३८ टाके. माझ्याजवळ ८ नंबरच्या होत्याच, दोरा पण तिच्यासारखाच जाड सुती मागवला, तर फडकं असं कडक झालं की उभं ठेवलं तर उभंच राहते. दुसरं स्वेटरसारखं विणलं, एक ओळ सुलट एक उलट, तर ते चारी बाजूनं गुंडाळून येते, फडकं कसलं, सुरळीची वडी झाली ती. तिसरं वर्धेच्या मामीनं दिलेल्या हातकताईच्या सुताचं केलं, पदर (बारीक धागे) जोडून, दिसायला सगळ्यात छान, पण पाणीच पीत नाही! ओट्यावर फिरवलं की पाणी नुसतं पुढं पुढं पळते.

त्यात सध्या वेचणी सुरू आहे, बोंडाच्या टोकांनी बोटं फाटली आहेत, दोरा सारखा चामडीत अडकते. आणि गंमत अशी की पडवीत कापसाचा ढीग लागला आहे, पोट्टे त्यावर लोळून राहिले, आणि दोरा मात्र मी कुरियरनं मागवला. सासूबाई म्हणतात जुनं लुगडं फाडलं तर सहा फडकी होते, तुले कायचे भिकेचे डोहाळे लागले. काय चुकून राहिलं ते सांगा, अन वेगवेगळ्या सोप्या विणी पण सांगा.

उलटसुलट:
बोंडवाली ताई, पहिल्या फडक्यात तुमची काहीच चूक नाही, चूक नंबराची आहे. आपल्याकडं सुयांना इंग्लंडचे जुने नंबर चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं, नंबर वाढला की सुई जाड. तुमची ८ नंबर म्हणजे ४ मिमी, तिची ८ नंबर म्हणजे ५ मिमी. जाड दोरा बारीक सुईवर कोंबला, पुठ्ठा नाही होणार तर काय. तिच्यासारखं पाहिजे तर आपली ६ नंबर घ्या, मी मात्र फडक्याला ७ घेते (४.५ मिमी), जरा घट्ट पण हाताला मऊ. मिमी पाहत जा, नंबराच्या नादी लागू नका, माझे दोन स्वेटर यात वाया गेलेत.

अजून एक, सुताला लोकरीसारखा ताण नसतो. लोकर ओढली की परत येते, सूत जिथल्या तिथं, म्हणून टाके ओढून घट्ट करायची सवय असेल तर ती सोडा, नाहीतर मनगट धरते. आणि बांबूच्या सुया मिळाल्या तर त्या घ्या, स्टीलवरून सुती टाका सुळकन सटकते.

सुरळीचं कारण म्हणजे तुम्ही काठ सोडला नाही. एक ओळ सुलट एक उलट केलं की कापड गुंडाळणारच, तो त्या विणीचा गुण आहे. स्वेटरला खाली पट्टी असते, शिवण असते म्हणून तिथं दिसत नाही. तिच्या ३८ टाक्यांचा हिशोब माझ्या अंदाजानं असा, ३२ मधले आणि दोन्हीकडं ३-३ काठाचे. काठाचे ३ टाके प्रत्येक ओळीत सुलटच, पाठची ओळ असो की पुढची. सुरुवातीच्या ६ ओळी आणि शेवटच्या ६ ओळी नुसत्या सुलट. मधल्या ३२ वर चटई वीण करा, ४ सुलट ४ उलट, ४ सुलट ४ उलट, अशा ६ ओळी, मग अदलाबदल म्हणजे ४ उलट ४ सुलट, परत ६ ओळी. ४ ओळींनी पण होते पण चौकोन बसका दिसतो, आपला टाका उंचीपेक्षा रुंद असतो म्हणून.

आणि सगळ्यात सोपी साबुदाणा वीण. टाके विषम घ्या, ३७ समजा, प्रत्येक ओळ सुलटनं सुरू, एक सुलट एक उलट, संपते पण सुलटवरच. उलट दिसला त्यावर उलट नाही करायचा, सुलट करायचा, तेव्हाच दाणे येतात. काठ लागत नाही, गुंडाळत नाही, दोन्ही बाजू सारख्या. बोटांना रात्री खोबरेल तेल चोळून झोपा, पण विणायच्या आधी चोळू नका, दोऱ्याला पिवळे डाग पडतात.

सूतपुनी:
मी वर्धेकडची. मामीच्या सुताचं मी सांगते. कापसावर निसर्गतःच मेणासारखा थर असतो, कोऱ्या सुतात तो तसाच राहतो, म्हणून पाणी पीत नाही. खात्री करायची असेल तर त्याचा तुकडा पाण्याच्या वाटीत टाका, तरंगत राहील. सुताची लड (गुंडाळलेला जुडगा) पातेल्यात बुडेल इतकं पाणी घ्या, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाका आणि तासभर उकळा. पातेलं स्टीलचंच घ्या बरं का, ॲल्युमिनियमचं काळं पडते, माझ्या आईचं दूध तापवायचं पातेलं मी असंच घालवलं आणि वर्षभर ऐकून घेतलं. उकळायच्या आधी लड चार ठिकाणी सैल बांधा नाहीतर सोडवता सोडवता संक्रांत निघून जाईल. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, तोच मळ आणि मेण. गार झालं की स्वच्छ धुवा. सूत आधी उकळलं की जे आटायचं ते आधीच आटते. विणून झालेलं फडकं पण उकळता येते, फक्त थोडं लहान होईल.

पदर किती घ्यायचे? गिरणीचं १० नंबरचं सूत १ ग्रॅमला साधारण १७ मीटर भरते, म्हणजे लय बारीक, असे ८ पदर जोडले तेव्हा कुठं विणायजोगा दोरा होतो. हातसुताचा नंबर वेगळा असू शकते, पदर जोडून डोळ्यानं पाहा.

आणि ताई, पडवीतल्या ढिगाचं मनावर घेऊ नका. सरकी काढा, पिंजा, पेळू (कातायच्या कापसाच्या वळकट्या) करा, काता, पीळ द्या, एका फडक्यापुरतं सूत होईस्तोवर तुमचा कापूस विकून पैसे पण आले असतील. इकडं सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली राहायला आले तेव्हापासून चरख्याच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो, पण घरोघरी चरखा आता कुठं दिसते.

रातपाळी_ओलीत:
मी माणूस हाय, हसाचं नाही. आमच्याकडं हरभऱ्याच्या ओलिताले लाईन रात्रीची येते, बारा वाजता म्हणतात अन दोनले येते, तोवर मोटरच्या खोलीत बसून कराचं काय? मोबाईल पाहून डोळे दुखते. मायनं स्वेटर विणाले शिकोलं होतं लहानपणी, तेच काढलं. हेडलाईट लावून विणतो.

मले जमते ते कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारं फडकं, त्याले पाहा लागत नाही, हात आपोआप चालते. ४ टाके घाला. मंग प्रत्येक ओळ अशी, २ सुलट, दोरा सुईवरून एकदा घ्या (भोक पडते तेच पाहिजे), उरलेले सगळे सुलट. दर ओळीत एक टाका वाढते. ४४ झाले की उतरती, १ सुलट, दोनाचा एक (दोन टाके संगं विणून एक), दोरा सुईवरून, परत दोनाचा एक, उरलेले सुलट. दर ओळीत एक कमी. ४ उरले की बंद. काठाले जाळीची किनार आपोआप येते, पाहणाराले वाटते केवढी मेहनत केली. गुंडाळत नाही, कारण सगळं सुलटच हाय.

याचा मोठा फायदा, दोरा किती लागते ते आधी माहीत नसलं तरी चालते. गुंडा काट्यावर तोला, अर्धा संपला की उतरती सुरू करा. मी भाजी तोलाच्या काट्यावर तोलतो, बायको म्हणते वांग्याचा भाव लावता का. ८ इंचाचं फडकं ४० ते ४५ ग्रॅम खाते. तुमचे २५ म्हणजे किलोच्या वरतं सूत झालं, विचार करून ठेवा. ६ इंचाचे केले तर २५ ग्रॅमच्या आतबाहेर होते.

सूतपुनी:
@रातपाळी_ओलीत भाऊ, त्या जाळीच्या किनारीत काट्याचमच्याची टोकं अडकतात हो, मी अनुभवलं आहे. आणि हल्ली व्हिडिओत सगळे जी खड्ड्याखड्ड्याची वॅफल वीण दाखवतात ना, ती ओट्याला देऊ नका कोणाला. कणकेचे कण त्या खड्ड्यात बसतात, वाळतात, मग ब्रशनं काढा. ताटं पुसायला मात्र ती झकास, पाणी भरपूर पिते.

उलटसुलट:
कणीक कोणत्याही फडक्यात बसते, आधी उलथन्यानं खरवडून मग पुसावं 😄 पण ओट्याला साबुदाणा वीण, हे मात्र मान्य. आणि एक राहिलं, दोऱ्याचं टोक कमीत कमी ६ इंच सोडा आणि सुईनं एकदा इकडं एकदा तिकडं ओवा. सूत गुळगुळीत, दोन धुण्यात टोक बाहेर येते अन मग बाई म्हणते वाण उसवलं. आणि स्वस्तातली रंगीत लोकर घालू नका मधे, ती बहुतेक ॲक्रिलिक असते, पाणी पीत नाही आणि गरम कढईला चिकटते.

बोंडवाली:
सगळ्यांचे लय आभार. परवा लड उकळली, पाणी खरंच कोऱ्या चहासारखं झालं, सासूबाई म्हणे हे का कापसाचं रक्त काढून राहिली. आता तुकडा वाटीत टाकला की लगेच बुडते. ७ नंबरच्या सुया तालुक्याहून आणल्या, साबुदाणा वीण एक झाली, चटई अर्धी झाली (मधेच एकदा अदलाबदल विसरली, उसवलं). रात्री वेचणीहून येऊन एका फडक्याला दोन रात्री लागतात. म्हणजे संक्रांतीपर्यंत १२, फार तर १३ होतील. उरलेल्या बायांना चाळण्याच द्याव्या लागतील असं दिसते.

रातपाळी_ओलीत:
असं करू नका वहिनी, एकीले फडकं अन एकीले चाळणी दिली तं गावात वर्षभर तेच चालते. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते ना, शेवटच्या दिवशी ठेवा. अन एखाद-दोन कमी पडले तं माझ्याजवळ तिरपे वाले सात पडले हायेत.