सीएसआरला मराठीत काय म्हणावं? दायित्व की बांधिलकी?

बर्डीकर: मंडळी, एमबीएच्या पुस्तकातलं एक प्रकरण मराठीत करून राहिले, तिथं अडले. सीएसआरला, म्हणजे कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटीला, कंपनीनं समाजासाठी करायचं ते, मी 'सामाजिक बांधिलकी' लिहिलं होतं, तपासणाऱ्या सरांनी लाल पेनानं खोडून वर 'निगमित सामाजिक उत्तरदायित्व' लिहिलं. त्याच पुस्तकात पुढे ताळेबंद आहे, तिथं दायित्व म्हणजे देणी. पोरं गोंधळतील ना?

कामठीवाला: आधी 'निगमित' काढा, ते सरळ हिंदीतून उचललं आहे. 'जबाबदारी' लिहा.

महालकर: जबाबदारी तरी कुठली घरची? जवाब अरबी, दार फारसी. उत्तरदायी म्हणजे पण जबाब देणाराच. मला तर दायित्वातला दाय वारशाचा वाटते, दायभागातला, समाजाकडून मिळालं त्यातला वाटा परत करायचा.

बुटीबोरी: नाही हो महालकर, दायी म्हणजे देणारा, सुखदायीसारखा. वारसा ओढूनताणून आणू नका. अन् ताई, सरांचं एका अर्थी बरोबर आहे. 1953 मध्ये हॉवर्ड बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं यावर पुस्तक लिहिलं तेव्हा हा उद्योजकाच्या सदसद्विवेकाचा मामला होता, 1970 मध्ये अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन म्हणाला नफा हीच काय ती जबाबदारी, अन् आपल्याकडे 1 एप्रिल 2014 पासून कंपनी कायद्याचं कलम 135 लागू झालं, मोठ्या कंपन्यांनी मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करायचे. बांधिलकी आतून येते, हे कायद्यानं आलं.

बर्डीकर: पण ते प्रकरण 1953 पासूनच सुरू होते, मग अर्ध्यात बांधिलकी अन् अर्ध्यात दायित्व लिहू का?

कामठीवाला: उमरेडकडे आमच्या शाळेत पाण्याचं फिल्टर बसलं, त्यावर निळ्या अक्षरात कंपनीचं नाव अन् खाली 'सीएसआर'. हेडमास्तर म्हणतात, "यंदा बेंचसाठी सीएसआर मागितला." तिथं सीएसआर म्हणजे पैसा, दुसरा अर्थच नाही. लोकांनी शब्द केव्हाच ठरवला, आपण इथं भांडून राहिलो.

महालकर: हे मला पटत नाही, पैशाचं नाव म्हणजे कर्तव्याचं नाव नव्हे. माझे आजोबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते. तिथं 1886 मध्ये पेन्शन फंड अन् 1901 मध्ये प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला, तेव्हा कुठला कायदा होता? घरात कोणी दायित्व म्हणे ना बांधिलकी. आजी म्हणायची, "मिलनं पाहिलं आपल्याले."

बुटीबोरी: 'पाहिलं', सांभाळलं या अर्थी! आमच्याकडे म्हाताऱ्या आईबापाले पाहणं म्हणतात तेच हे. पुण्याकडे असं म्हणतात का कोणी?

कामठीवाला: तिकडे 'बघणं' म्हणत असतील. अन् महालकर, आजोबा कोणत्या खात्यात होते? माझे मोठे बाबा साच्यावर, म्हणजे मागावर, होते तिथं.