मदत हवी आहे : गव्हर्नर कर्टिन, सैनिकांची अनाथ मुलं आणि एका सैनिकाचा माग

रेवा_प
पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या मराठी वाचनगटात अमेरिकन यादवी युद्धावर एक सत्र आहे. माझ्याकडे गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन हा विषय आलाय. जिथे वाचावं तिथे 'सैनिकांचा मित्र', 'मोठा दानशूर' एवढंच. मला हवंय ते असं:
1) पैसा नक्की कुणाचा? त्यांच्या खिशातला की सरकारी?
2) जखमी सैनिकांचं आणि विधवांचं पेन्शन त्यांनी सुरू केलं, असं एका ठिकाणी लिहिलंय. खरं आहे का?
3) गटातल्या एका मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी एका सैनिकाचा माग काढायचाय. कागदावर फक्त नाव आणि '7 वी रिझर्व्ह'. 7 व्या पेनसिल्व्हेनिया रेजिमेंटच्या यादीत ते नावच नाही.
4) गेटिसबर्गला, म्हणजे जुलै 1863 च्या लढाईच्या गावी, मुलांना नेणार आहोत. या विषयाच्या दृष्टीनं तिथे काय बघावं?

दप्तरखाना
'दानशूर' हा शब्द सत्रात जपून वापरा. कर्टिन 1861 ते 1867 गव्हर्नर होते. त्यांचं खरं कौशल्य स्वतःची थैली सोडण्यात नव्हतं; दुसऱ्याचा पैसा आणि राज्याची यंत्रणा सैनिकाच्या घरापर्यंत पोचवण्यात होतं. उत्तम उदाहरण अनाथ मुलांच्या शाळांचं. 1862 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोड कंपनीनं सैन्यभरतीच्या बक्षिसांसाठी 50,000 डॉलर देऊ केले. अशी देणगी घ्यायचा कायदेशीर अधिकार गव्हर्नरला नव्हता, म्हणून ती रक्कम अडून राहिली. पुढे कर्टिननी सुचवलं की हाच पैसा मेलेल्या सैनिकांच्या मुलांवर खर्चावा. 6 मे 1864 च्या कायद्यानं ती देणगी स्वीकारायची परवानगी मिळाली आणि थॉमस बरोज यांना शाळांचे अधीक्षक नेमलं. म्हणजे मूळ रक्कम रेल्वेची, कायदा विधिमंडळाचा आणि पाठपुरावा कर्टिनचा.

पन्नास हजारात काय होणार? ते बीजभांडवल होतं. पुढचा खर्च विधिमंडळाकडून दरवर्षी मागून घ्यावा लागे, आणि आमदार हात आखडते घेऊ लागले तेव्हा मार्च 1866 मध्ये शाळांतली मुलंच हॅरिसबर्गला, राज्याच्या राजधानीत, आणून त्यांच्यासमोर उभी केली. त्याचा उपयोग झाला. युक्ती म्हणा, नाटक म्हणा.

पेन्शनचं मात्र साफ चूक. ते केंद्र सरकारचं, 14 जुलै 1862 च्या कायद्याचं. पूर्ण अपंगत्व आलेल्या साध्या शिपायाला महिना 8 डॉलर, विधवेलाही तेवढेच. 1866 मध्ये विधवेला 16 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे 2 डॉलर जादा मिळू लागले. कर्टिन सरकारचा हात इथे वेगळ्या प्रकारे लागला. राज्यानं वॉशिंग्टनमध्ये स्वतःचं कार्यालय ठेवलं. थकलेला पगार, पेन्शनचे अर्ज ही कामं तिथे फुकट करून मिळत. वकिलाची फी कायद्यानंच आधी 5 आणि 1864 पासून 10 डॉलरवर बांधली होती, तरी दलाल लुबाडत. महिन्याला 8 डॉलर मिळणाऱ्या बाईला 10 डॉलर फी म्हणजे सव्वा महिन्याचं पेन्शन. फुकट कार्यालयाचं मोल यावरून लक्षात येईल.

(सत्रात डॉलरचे आजचे रुपये करून सांगू नका. आकडा गमतीशीर दिसतो, अर्थ काही कळत नाही.)

सस्केहाना_काठ
राजकारणाची बाजू सोडू नका. ऑक्टोबर 1863 मध्ये कर्टिन दुसऱ्यांदा निवडणुकीला उभे होते आणि समोर होते न्यायमूर्ती जॉर्ज वुडवर्ड. छावणीतून केलेलं मतदान राज्यघटनेत बसत नाही, हा 1862 चा निकाल याच वुडवर्डांचा. आता 'सैनिकांचा मित्र' ही घोषणा कुठून आली ते कळेल! अनेक सैनिकांना मतदानासाठी रजा देऊन घरी पाठवलं गेलं आणि कर्टिन सुमारे 15,000 मतांनी निवडून आले. छावणीतून मत देण्याची घटनादुरुस्ती 1864 च्या ऑगस्टमध्ये झाली. ममत्व खरं होतं, आणि त्याची मतंही पडत होती. दोन्ही सांगा.

आणि शाळांचा शेवटही सांगा, कारण बहुतेक लेख 1864 लाच थांबतात. राज्यानं स्वतः इमारती बांधल्या नाहीत. खाजगी चालकांना मुलामागे ठरावीक वार्षिक रक्कम दिली. दरडोई ठेक्यात गोम अशी की जेवणात, कपड्यात, पांघरुणात जेवढी काटछाट तेवढा चालकाचा नफा. तपासणी सैल झाली तशा काही शाळा एकाच टोळक्याच्या हाती गेल्या. 1886 मध्ये वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि गव्हर्नर पॅटिसन यांनी स्वतः जाऊन शाळा पाहिल्या. 1889 मध्ये कारभार आयोगाकडे गेला. 1895 मध्ये स्कॉटलंड या गावी राज्याची स्वतःची शाळा उघडली. ती 2009 पर्यंत चालली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या मुलांसाठी बक्स काउंटीत ब्रिजवॉटरला वेगळी शाळा होती. एका युद्धात लढलेल्या बापांची मुलं शाळेत वेगवेगळी बसवली, हे मुलांना सांगायला हवं.

मोडीवाचक
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, पण त्यात भलेभले अडकतात. '7 वी रिझर्व्ह' म्हणजे 7 वी रेजिमेंट नव्हे. 1861 मध्ये केंद्रानं मागितली त्याहून जास्त माणसं भरतीला आली. कर्टिननी ती परत न पाठवता राज्याच्या खर्चानं 'पेनसिल्व्हेनिया रिझर्व्ह' उभी केली. त्यांच्या तेरा पायदळ रेजिमेंटना स्वतःचे क्रमांक होते, आणि राज्याच्या सलग यादीत त्यांना 30 ते 42 क्रमांक मिळाले. म्हणून 29 मिळवा: 7 वी रिझर्व्ह म्हणजे 36 वी पेनसिल्व्हेनिया. नुसती '7 वी' ही एप्रिल 1861 ची तीन महिन्यांच्या मुदतीची वेगळीच रेजिमेंट. तिच्यात तुमचं नाव कसं सापडणार?

आता क्रम असा ठेवा. आधी सॅम्युएल बेट्स यांचे राज्याच्या रेजिमेंटांचे पाच खंड. हे काम त्यांच्याकडे कर्टिननीच सोपवलं. त्यात 36 व्या रेजिमेंटची कंपनीवार यादी बघा आणि कंपनीचं अक्षर लिहून घ्या. मग हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागाराची यादवीतल्या सैनिकांची कार्डं बघा. ती आता ऑनलाइन आहेत आणि त्यांवर बहुधा वय, भरतीची जागा, उंची, धंदा असतो. शेवटी राष्ट्रीय अभिलेखागाराची पेन्शन सूची. तिच्या दोन मांडण्या आहेत, एक आडनावानुसार आणि एक रेजिमेंट-कंपनीनुसार. आडनावाचं स्पेलिंग डळमळीत असेल तर दुसरीच वापरा. पेनसिल्व्हेनियातली जर्मन आडनावं लिहिणाऱ्याच्या कानाप्रमाणे बदलतात: श्नायडरचा स्नायडर, श्मिटचा स्मिथ. कार्डावर विधवेचा अर्ज आणि प्रमाणपत्र असे दोन वेगळे क्रमांक असू शकतात. फाइल मागवताना प्रमाणपत्राचा क्रमांक असेल तर तोच द्या. फक्त अर्जाचा क्रमांक असेल तर बहुधा पेन्शन मंजूर झालेलं नाही, पण फाइल असते.

विधवेची फाइल सर्वांत भरगच्च. लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा पुरावा द्यावाच लागे, म्हणून पाद्रीचा दाखला, सुईणीचं प्रतिज्ञापत्र, क्वचित घरच्या बायबलमधलं फाडलेलं पान सापडतं. मुलांची नावं तिथून घेऊन अनाथशाळांच्या नोंदींत शोधा. उलट्या दिशेनं गेलात तर एका नावाची चार मुलं हाती लागतील.

सैनिक कृष्णवर्णीय असता तर या पद्धतीत बदल करावा लागला असता. फिलाडेल्फियाजवळच्या कॅम्प विल्यम पेनमधल्या रेजिमेंट संघराज्याच्या होत्या, म्हणून त्यांची सेवा-कागदपत्रं राज्याच्या नव्हे, संघराज्याच्या रेजिमेंट-क्रमांकाखाली लागतात.

रेवा_प
धन्यवाद! 36 व्या रेजिमेंटच्या यादीत नाव मिळालं. पुढे 'मे 1864 मध्ये कैद' एवढंच आहे. गेटिसबर्गच्या दफनभूमीत त्याचं नाव शोधायला मुलांना लावू का?

दप्तरखाना
नाही. दोन कारणं. एक, तो 1864 मध्ये जिवंत होता. दोन, जुलै 1863 मध्ये रिझर्व्हच्या फक्त दोन ब्रिगेड गेटिसबर्गला लढल्या. 7 वी ज्या ब्रिगेडमध्ये होती ती वॉशिंग्टनच्या बचावासाठी मागे ठेवली होती.

दफनभूमी बघा, पण दुसऱ्या कारणासाठी. लढाईनंतर आठवड्याभरात कर्टिन तिथे गेले आणि गावातले वकील डेव्हिड विल्स यांना राज्याचे प्रतिनिधी नेमलं. ज्यांना आपल्या माणसाचा मृतदेह घरी हवा होता त्यांच्यासाठी वाहतुकीचा खर्च राज्यानं उचलला. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात रोगराईच्या भीतीनं उकरणंच लष्करानं बंद ठेवलं. मग सुमारे 17 एकर जमीन घेतली, दर देहामागे 1 डॉलर 59 सेंटचा ठेका दिला आणि ऑक्टोबर 1863 ते मार्च 1864 दरम्यान 3,300 हून जास्त देह हलवले. देखरेख करणारे सॅम्युएल वीव्हर प्रत्येक खड्ड्याशी उभे राहून खिसे तपासत. पत्र, डायरी, नाव कोरलेला पट्टा, जे मिळेल त्यावरून ओळख. प्रत्यक्ष उकरण्याचं बरंचसं काम बेसिल बिग्ज आणि त्यांच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय मजुरांनी केलं. खर्च राज्यांनी काँग्रेसमधल्या (अमेरिकी संसदेतल्या) आपल्या प्रतिनिधींच्या प्रमाणात वाटून घेतला.

मुलांना कबरींच्या अर्धवर्तुळाच्या मध्यभागी उभं करा आणि दगड बघायला सांगा: जमिनीपासून जेमतेम 9 इंच वर, हुद्द्याप्रमाणे लहानमोठे नाहीत. याच दफनभूमीतलं लिंकनचं भाषण त्यांना शाळेत पाठ असेल, त्यावर वेळ घालवू नका.

मोडीवाचक
आणि त्या सैनिकासाठी: 5 मे 1864 रोजी विल्डरनेसच्या लढाईत 7 व्या रिझर्व्हचा मोठा भाग एकदम पकडला गेला आणि त्यातले बरेच जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या तुरुंगात पोचले. तिथल्या कबरींना क्रमांक आहेत आणि मृतांची यादी उपलब्ध आहे. राज्य म्हणून पेनसिल्व्हेनिया निवडा, पण रेजिमेंटच्या रकान्यात 36 आणि 7 दोन्ही टाकून बघा. यादी कैदेतच लिहिली गेली. मरणाऱ्यानं किंवा त्याच्या सोबत्यानं 'सातवी' सांगितलं असेल तर तेच उतरलंय. तिथेही नाव नसेल तर सुटून आला असण्याची शक्यता धरा आणि विधवेऐवजी त्याच्या स्वतःच्या पेन्शनचं कार्ड शोधा.