मदत हवी आहे: झेड-स्टॅकमधले (खोलीनुसार एकाखाली एक टिपलेल्या थरांमधले) हिरवे ठिपके पेशीभित्तीत आहेत की नुसते तिच्याजवळ?

नमस्कार मंडळी. कॉन्फोकलवर, म्हणजे लेसरने एकेक पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, वनस्पतींच्या पेशी पाहिलेल्या जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे.

मी कुकुंबर मोझॅक व्हायरसच्या ३ए या प्रथिनावर काम करतेय. रावेरकडे केळीवर येतो आणि उभी झाडं उपटायला लावतो, तोच हा सीएमव्ही. मावा त्याला झाडाझाडांत पसरवतो. पण झाडाच्या आत या पेशीतून त्या पेशीत जायला त्याला ३ए लागतं. पेशीभित्तीतल्या बारीक मार्गांपाशी, म्हणजे प्लाझ्मोडेस्माटापाशी, हे प्रथिन जमतं. मला ते तीन मितींत पाहायचंय.

३एला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडून अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जनुकं पोहोचवणाऱ्या जिवाणूमार्फत निकोटियाना बेन्थामियाना या तंबाखूच्या जातभाईच्या पानात सोडलंय. मार्ग कुठे आहेत ते कळावं म्हणून त्यांच्या तोंडाशी असणारं कॅलोज (एक बहुशर्करा) अ‍ॅनिलीन ब्लूने निळं रंगवलंय. पानाचा तुकडा पाण्यात, लेन्स ६३एक्स ऑइल (तेलाच्या थेंबातून पाहायची), दोन थरांत १ मायक्रॉन अंतर. आधी सगळा स्टॅक ४८८ नॅनोमीटरच्या लेसरवर (हिरव्यासाठी), मग ४०५ वर (निळ्यासाठी).

सगळे थर एकत्र करून मॅक्सिमम प्रोजेक्शन केलं की हिरवं आणि निळं छान जुळतं. थर सुटे पाहिले की बरेच हिरवे ठिपके निळ्याच्या वर किंवा खाली दिसतात. बाजूने पाहिलं तर ठिपके उभे ताणलेले, आणि खोल गेल्यावर पसरट. यातलं खरं काय मानायचं? हे प्रोजेक्शन माझ्या मते पुरावा म्हणून चालणार नाही, पण त्याऐवजी काय दाखवू?

प्रतिसाद:
तुमची शंका रास्त आहे. प्रोजेक्शनमध्ये खोली चपटी होते, त्यामुळे वेगवेगळ्या थरांतले ठिपकेही एकावर एक येतात. जुळणी सुट्या थरांतच मोजा.

उभा ताण थोडा राहणारच. कॉन्फोकलची उभी विभेदनक्षमता (जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवण्याची ताकद) आडवीपेक्षा बरीच कमी असते. पण खोलवरच्या पसरटपणामागे ऑइल लेन्स असणार. तेल आणि पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं प्रमाण) वेगळा, त्यामुळे खाली जाल तशी प्रतिमा बिघडते. वॉटर इमर्शन लेन्स (तेलाऐवजी पाण्यातून पाहायची) मिळवा. पानातल्या हवेच्या पोकळ्याही प्रकाश विखुरतात. परफ्लुरोडेकॅलिन या द्रवात पान ठेवलं तर त्या भरतात. अंतर ०.३ मायक्रॉनवर आणा. आणि दोन्ही रंग ओळीओळीने आलटून पालटून घ्या, नाहीतर दुसरा स्टॅक होईपर्यंत पान सरकलेलं असतं. नुसतं जीएफपी आणि नुसता अ‍ॅनिलीन ब्लू असलेली पानंही त्याच सेटिंगवर तपासा.

आता मुख्य कसोटी. एकाच थरावर काही वेळ चित्रण करा: पेशीद्रवाबरोबर वाहणारे ठिपके बाद. मग मॅनिटॉलच्या द्रावणाने पेशीतलं पाणी ओढून घ्या, म्हणजे प्लाझ्मोलिसिस करा. पेशीद्रव आक्रसून भित्तीपासून सुटल्यावरही जे ठिपके भित्तीतच राहतात, ते तुमचे.

तरी 'मार्गाच्या आत' असं लिहू नका. प्लाझ्मोडेस्मा जेमतेम ५० नॅनोमीटर रुंद, आणि कॉन्फोकल २०० नॅनोमीटरच्या खाली फारसं वेगळं दाखवत नाही. २०१० साली तंबाखूत थ्रीडी-सिमने (पट्टेदार प्रकाश वापरून जास्त बारीक दाखवणारं सूक्ष्मदर्शन) मार्गाचं तोंड आणि मधली पोकळी वेगळी दिसली होती. तेवढं बारीक हवं असेल तर तिकडे वळा, नाहीतर इम्युनोगोल्ड (प्रथिनाला चिकटणारी, सोन्याचे कण जोडलेली प्रतिपिंडं) लावून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप.

धागाकर्ती:
खूप आभार! प्लाझ्मोलिसिस याच आठवड्यात करते. वॉटर लेन्स विभागात आहे, तिचा कॉलर (फिरवून जुळवायची कडी) कव्हरस्लिपच्या, म्हणजे वरच्या पातळ काचेच्या, जाडीनुसार कसा लावायचा ते कुणी सांगेल का? आणि केळीच्या पानाचे काप कुणी असे पाहिले आहेत का?